मुरुमांचे जेल आणि सोलापूरचा उन्हाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुरुमांवरील क्लिंडामायसिन, अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही औषधे आता साध्या जेलखेरीज ‘लिपोसोमल’ अथवा ‘नॅनो’ असे छापलेल्या, बऱ्याच महाग ट्यूबमध्येही मिळतात. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला त्यांविषयी एक काळजी वाटते, ती मांडतो.

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असला, तरी बहुतेक औषधे तिथेच अडतात. मुरुम मात्र त्याखाली, केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीच्या नळीत वाढत असतो. म्हणून औषध लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थाच्या दुपदरी पापुद्र्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे ‘लिपोसोम’ नावाच्या इवल्या पिशव्यांत, कोंडून जेलमध्ये मिसळतात. (हे लेसिथिन बहुधा सोयाबीनचे असते, म्हणजे बार्शीकडच्या शेतकऱ्याला ते अगदीच परके नाही.) या पुटिका केसांच्या छिद्रांवाटे खाली उतरतात आणि औषध हळूहळू सोडतात, त्यामुळे ट्रेटिनॉइनने होणारी आग व साल निघणे कमी होऊ शकते. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहम यांनी अशा पुटिका प्रथम ओळखल्या, तेव्हापासून त्यांचा नाजूकपणाही माहीत आहे: उष्णतेने त्या एकमेकींत मिसळतात, पापुद्र्यातील स्निग्धांश खराब होतो आणि आतले औषध आधीच बाहेर झिरपते. मग त्या ट्यूबची किंमत तेवढी विशेष उरते, आणि जेल वरून पूर्वीसारखेच दिसत असल्याने ग्राहकाला काहीच कळत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि अनेक दुकानांवर पत्रे आहेत. खोक्यावर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवावे असे लिहिलेली ट्यूब भर दुपारी टेम्पोतून उतरताना आणि नंतर दुचाकीच्या डिकीत तासन्‌तास पडून राहिलेली मी पाहिली आहे. उलट, खबरदारी म्हणून कोणी ती फ्रीजरमध्ये टाकली, तर बर्फाचे स्फटिक त्याच पुटिका फोडतात.

औषध विक्रेत्यांनी अशा ट्यूब थंड कप्प्यात ठेवाव्यात आणि त्या कुठे ठेवायच्या हे बिल देताना एका वाक्यात सांगावे. उत्पादकांनी साठवणुकीची सूचना खोक्याच्या कडेला बारीक इंग्रजीत न देता दर्शनी बाजूला मराठीतही छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर