शिक्षणमंत्री महोदय, एकता संचलनात मुलांचा बँड ऐकू येऊ द्या

प्रति,
मा. शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सन्माननीय महोदय,

मी बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत होते. पी.टी.चे सर निवृत्त झाले तेव्हा शाळेचा बँड घ्यायला दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून तो माझ्याकडे आला आणि माझ्या निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिला. सहा साईड ड्रम, एक बास ड्रम, आठ बिगुल, दोन जोड झांजा, एक ट्रँगल. पुढे एका माजी विद्यार्थ्याने दोन कॉर्नेट दिले, बिगुलासारखेच पण बोटांनी दाबायच्या कळा असलेले. एवढ्या सामानावर मुलांच्या कितीतरी तुकड्या माझ्या डोळ्यांसमोर वाजवायला शिकल्या.

२०१४ पासून ३१ ऑक्टोबर, म्हणजे सरदार पटेलांची जयंती, राष्ट्रीय एकता दिवस म्हणून पाळली जाते. देशाचं मोठं संचलन आपल्या केवडियाला सरदारांच्या पुतळ्यापाशी होतं आणि गावोगावच्या कार्यक्रमांत शाळांचे बँड बोलावले जातात. आमचाही बँड अशा संचलनांत चालला. त्यातल्या एका सकाळबद्दल मला आपल्याला सांगायचं आहे. कार्यक्रम कोणी भरवला होता ते इथे महत्त्वाचं नाही, म्हणून नाव घेत नाही.

मुलांना साडेसहाला बोलावलं होतं. संचलन निघालं दहाला. बडोद्यातलं ऑक्टोबरचं ऊन आपल्याला माहीत आहे. मुलांच्या अंगावर जाड कापडाचे डगले, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या, गळ्यात ड्रमचा पट्टा. सावधान उभं राहताना मुलं गुडघे ताठ आवळून धरतात. तसं फार वेळ राहिलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. मला हे ठाऊक होतं आणि मी रांगेतून फिरत "गुडघे सैल, बोटं हलवा" असं सांगत होते. तरीही आठवीतली एक मुलगी ड्रमसकट खाली बसली. तिला सावलीत नेलं, पाणी दिलं. दहा मिनिटांत ती उठली आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. मी नको म्हटलं होतं. ऐकली नाही.

मग आम्ही निघालो. मंचासमोर आलो, बँड-मेजर मुलाने काठी उचलली, तीन महिने घासलेली धून सुरू झाली, आणि त्याच क्षणी खांबाखांबांवरच्या कर्ण्यांतून रेकॉर्ड केलेलं गाणं लागलं. मुलं वाजवत राहिली. बिगुल वाजवणाऱ्यांचे गाल फुगलेले दिसत होते, झांजा एकमेकींवर आदळताना दिसत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं, मलासुद्धा नाही आणि मी तर त्यांच्यापासून चार पावलांवर चालत होते. मंचावरून टाळ्या झाल्या. त्या कशासाठी झाल्या ते मला आजही कळलेलं नाही.

संपल्यावर कॉर्नेटवाला मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बेन, आपणी कंई भूल थई?"

चूक त्याची नव्हती. का, ते नीट सांगते, कारण कार्यक्रमाचं नियोजन करणाऱ्या अनेकांना बँड आतून कसा चालतो याची कल्पना नसते. संचलनाची लय मिनिटाला साधारण १२० पावलांची, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रांग पन्नास मीटर लांब असेल तर पहिल्या ओळीचा सूर शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पावलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटून गेलेला असतो. मागच्या मुलाने फक्त कानावर भरवसा ठेवला तर तो चुकणारच. म्हणून ड्रम शक्यतो मधोमध ठेवतात आणि मुलांना डोळ्यांनी ताल धरायला शिकवतात. पुढच्याची टाच बघ, काठी बघ, शेजाऱ्याचा खांदा बघ. हे अंगात मुरायला महिने लागतात. एकदा मुरलं की पन्नास मुलं एका श्वासात चालतात आणि तो अनुभव त्यांना जन्मभर पुरतो. त्यावर वेगळ्या लयीचं आणि वेगळ्या पट्टीचं गाणं चहूबाजूंनी ओतलं तर ती सगळी बांधणी एका मिनिटात सुटते.

त्या दिवशी पुढे जे झालं त्यामुळे मी हे पत्र लिहिते आहे. रस्ते बंद असल्यामुळे आमचा टेम्पो न्यायमंदिरापाशी अडकला. ऊन चढलं होतं, पण मुलांचे चेहरे बघवत नव्हते. मी म्हटलं, चला, इथून शाळेपर्यंत चालत जाऊ, वाजवत जाऊ. डगले काढून टेम्पोत टाकले, टोप्याही टाकल्या. लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरलो आणि ड्रमचा पहिला ठोका दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत आला. मुलं दचकली, मग हसली. दुकानदार बाहेर आले. गॅलऱ्यांत बायका आल्या, एका आजींनी वरून फुलं टाकली, बहुधा देवपूजेतली. कुणीतरी थंड पाण्याचे जग आणले. जुन्या शहराच्या मध्यावरच्या मांडवीपर्यंत आमच्यामागे पन्नासेक पोरं चालत होती. ज्या धुनेचा एक सूरही तिकडे ऐकू गेला नव्हता, ती मुलांनी चार वेळा वाजवली.

मांडवीजवळ एक वयस्कर गृहस्थ रांगेत घुसले आणि बास ड्रमवाल्या मुलाचं मनगट धरून म्हणाले, "बेटा, हाथ ढीला छोड़. तीसरी थाप हल्की." आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेले गृहस्थ होते ते. आमच्या लहानपणी दांडिया बाजारातल्या गणपतींच्या विसर्जनापुढे जे बँड चालत, त्यांतले बहुतेक वाजवणारे मुसलमान असत. गणपतीची आरती क्लॅरिनेटवर त्यांच्याइतकी गोड मी पुन्हा ऐकली नाही. आता विसर्जनाला डीजे असतो. मी त्यांना शाळेत यायची विनंती केली. ते आले, पुढची दोन वर्षं येत राहिले. रिक्षाचं भाडंसुद्धा मोठ्या मिनतवारीने घेत. मुलं त्यांना उस्ताद म्हणत. माझ्या बँडला खरा सूर सापडला तो त्यांच्यामुळे.

महोदय, माझी मुख्य मागणी इथेच आहे. आपल्या राज्यातल्या शहरांतले बँडवाले शाळांमध्ये शिकवायला घ्या, मानधन देऊन, खात्याच्या रीतसर आदेशाने. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात. गणपती-नवरात्रातले थोडे दिवस सोडले तर या चार महिन्यांत बँडवाल्यांच्या हाताला काम नसतं. नेमकं याच काळात शाळेचं पहिलं सत्र चालू असतं आणि सत्राच्या शेवटी ३१ ऑक्टोबर येतो. यापेक्षा सोयीचा जुळून आलेला काळ मला तरी दिसत नाही. शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर ज्ञान सहायक कराराने नेमता येतात, तर चार महिन्यांपुरता बँडमास्तर का नेमता येऊ नये? पदवी नसेल त्यांच्याकडे. बिगुलाला ओठ कसा लावायचा हे पदवीने येत नाही. बिगुलाला कळ नसते, सगळा सूर ओठांच्या ताणावर आणि श्वासावर काढायचा असतो, आणि ते दाखवायला ज्याने स्वतः हजारदा वाजवलंय असाच माणूस लागतो.

सुट्टीचंही याच्याशीच जोडलेलं आहे. दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची आणि दिवाळी दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये ती ३१ ऑक्टोबरलाच आली. २०२५ मध्ये २० तारखेच्या सुमारास आली, म्हणजे एकता दिवस भर सुट्टीत. मुलं आजोळी जातात, दहा दिवस बिगुलाला ओठ लागला नाही तर ताण सैल पडतो, आणि मग ऐनवेळी फोन करून जी मुलं गावात असतील त्यांना गोळा करावं लागतं. अशा वर्षी शाळांच्या बँडचं संचलन सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारी घ्यावं. सरदारांचा मान त्याने कमी होत नाही.

आता थोडं बडोद्याविषयी, कारण या शहराने हे काम पूर्वी केलेलं आहे. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने संगीतकार मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली. त्याच शाळेची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स शाखेत चालू आहे. तोवर गाणं घराण्यात, गुरूच्या पुढ्यात बसून, एकेकाला मिळायचं. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली आणि शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं छापली, म्हणजे एकच चीज अनेक मुलं कागदावरून एका वेळी शिकू शकली. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही इथेच, आणि तिथेही स्वरलिपीवर चर्चा झाली. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी हे वर्गात सांगत असे. बँड हातात आल्यावर मात्र त्याचा खरा उपयोग कळला. दहा शाळांनी मिळून एक धून वाजवायची तर दहाही शाळांकडे ती एकाच लिपीत, एकाच पट्टीत, एकाच लयीत लिहिलेली हवी. आज प्रत्येक शाळा आपापली धून आपापल्या पट्टीत घेऊन येते, आणि मग एकता संचलनात आम्ही एकामागून एक चालतो, एकत्र कधीच वाजवत नाही.

म्हणून जून महिन्यात खात्याने दोनच सोप्या धुना निवडून, गुजराती आणि देवनागरी स्वरलिपीत छापून, सगळ्या हायस्कुलांना पाठवाव्यात. बिगुलाच्या चार-पाच सुरांत बसतील अशाच निवडाव्यात, नाहीतर ज्या शाळांकडे कळांची महाग वाद्यं आहेत तेवढ्याच शाळा पुन्हा पुढे येतील. दरवर्षी त्याच त्या शाळा दिसतात, याचं कारण हुशारी नव्हे, वाद्यं आहे. वस्तीतल्या शाळांना साईड ड्रमचा एक संच मिळाला तरी सुरुवात होते. वाद्यं मेरठहून येतात, तिथे जली कोठीच्या बाजारात साधी, टिकाऊ वाद्यं मिळतात. तुऱ्याच्या टोप्यांवर आणि सोनेरी फितीच्या डगल्यांवर जो खर्च होतो तो आधी थांबवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरा शर्ट आणि शाळेची पॅन्ट किंवा स्कर्ट पुरे. केंद्राची शालेय बँड स्पर्धा होते, दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिची अंतिम फेरी असते, मुलांचे आणि मुलींचे ब्रास बँड, पाइप बँड असे चार गट असतात. ती चांगलीच आहे. पण तिथवर मोजक्या शाळा पोचतात आणि मी इथे बाकीच्या शाळांबद्दल बोलते आहे.

आणि मार्ग. बडोद्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे आहेत. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. चारही रस्ते मांडवीला येऊन मिळतात. चार दिशांच्या शाळांचे बँड चार दरवाज्यांतून एकाच वेळी आत येऊ द्या, सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत. ज्या वस्त्यांतून ते येतील तिथे हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत, मराठी आहेत, गुजराती आहेत, आणि मुलंही त्याच घरांतली आहेत. चारही रस्त्यांवरून तीच धून चालत येईल. आधी लांबून ऐकू येईल, मग जवळ येईल, आणि मध्यभागी चारही बँड एका काठीवर ती एकत्र वाजवतील. मांडवीची वास्तू जुनी आणि नाजूक आहे, तिच्यापाशी थांबायचं की पुढे न्यायमंदिरासमोर जमायचं ते जाणकारांना विचारून ठरवावं. मंच हवाच असेल तर तो मुलांच्या उंचीचा असावा आणि पाहुण्यांनी मुलांच्या आधी येऊन बसावं. त्या तासाभरात शहरात कुठेही कर्णा लागू नये, एवढा आदेश मात्र लेखी असावा.

दोन वर्षांनी उस्तादांचे पाय थकले, त्यांचं येणं थांबलं. मी निवृत्त झाल्यावर शाळेत बँड सांभाळायला कोणी राहिलं नाही. ड्रम स्टोअररूममध्ये आहेत, दोघांची कातडी फुटली आहेत. मागच्या दिवाळीत तो कॉर्नेटवाला मुलगा भेटायला आला होता. आता नोकरी करतो. रविवारी सकाळी मुलांना शिकवायला फुकट यायला तयार आहे, फक्त शाळेला वरून परवानगी हवी म्हणाला.

शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. आषाढीच्या आत आपला आदेश निघाला, तर बँडवाले मोकळे होतील त्याच आठवड्यात सराव सुरू करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे