नळाच्या पाण्याचे माहेर

मँचेस्टर,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही सहज विचारलेत, "तुमच्याकडे नळाला पाणी कुठून येते?" आणि मला उत्तर देता आले नाही. उभी हयात पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाच्या लेकीला आपण पितो ते पाणी कोणत्या धरणाचे हे ठाऊक नसावे, याची मला खरोखर लाज वाटली. चौकशी केली तेव्हा कळले की येथील बरेचसे पाणी उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून, लेक डिस्ट्रिक्टमधील थर्लमियर आणि हॉझवॉटर या दोन तलावांतून येते. रजेचे पाच दिवस शिल्लक होते, सायकल होतीच. म्हणून आगगाडीत सायकल चढवली आणि पेनरिथ स्थानकावर जाऊन उतरले. आईला आधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर जाणे झाले नसते.

नकाशावर हा मुलूख बैलगाडीच्या चाकासारखा दिसतो. मध्ये उंच डोंगरांचा तुंबा आणि तेथून आऱ्यांसारख्या चहूकडे गेलेल्या दऱ्या. हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी या दऱ्या खरवडून खोल केल्या, त्यामुळे येथील बहुतेक तलाव गोल नसून दरीच्या आकाराचे, लांबट आणि अरुंद आहेत. गंमत म्हणजे त्यांना कोणी 'लेक' म्हणत नाही. मोठा असेल तर 'मियर' किंवा 'वॉटर', डोंगरातले छोटे तळे असेल तर 'टार्न'. नावातच 'लेक' असलेला मोठा तलाव बॅसनथ्वेट हा एकच. स्काफेल पाइक हे इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर याच भागात आहे, पण उंची अवघी ९७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या कमरेच्या जरा वर. तरीही डोंगर लहान वाटत नाहीत, कारण ते थेट पाण्याच्या काठावरून उठतात.

पेनरिथहून केझिक या गावी गेले. शेवटचे पाचेक किलोमीटर जुन्या रेल्वेमार्गावरून आहेत. गाड्या १९७२ साली बंद झाल्या आणि रुळांच्या जागी पादचारी व सायकलस्वारांसाठी वाट झाली. डिसेंबर २०१५ च्या वादळात आलेल्या पुरात तिचे पूल वाहून गेले आणि ती पुन्हा सुरू व्हायला पाच वर्षे लागली. त्या वादळात हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या घाटात असा पाऊस पडला तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी येईल. येथे तो साऱ्या देशाचा विक्रम आहे.

दुसऱ्या दिवशी सायकल मुक्कामाच्या जागी ठेवून डरवेंटवॉटर तलावाला पायी प्रदक्षिणा घातली. साधारण १६ किलोमीटरची वाट आहे, चढ फारसा नाही, आणि मी ती रमतगमत सात तासांत पुरी केली. सकाळी पाण्यावर धुके होते. चार बेटांपैकी जवळच्या एकाचीच झाडे दिसत होती, तीही खोडांशिवाय, नुसते शेंडे तरंगत असल्यासारखे. पश्चिम काठावर ओकची जुनी राई आहे. येथील जमीन खाजगी घरांसाठी विकली जाणार अशी वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणी काढून साडेसहा हजार पौंड जमवले आणि १९०२ साली ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेसाठी विकत घेतली, म्हणून आज कोणालाही तिकिटाशिवाय तेथून चालता येते. दक्षिण टोकाला नदी तलावात शिरते तेथे सगळी दलदल आहे आणि वाट लाकडी फळ्यांवरून जाते. मी फळीवर पालथी पडून खाली पाहिले. वितभर पाणी, त्याखाली पिठासारखा बारीक करडा गाळ, आणि त्या गाळावर पाणकोंबडीच्या पायांची नक्षी इतकी स्पष्ट, की कोणी नुकतीच रांगोळी सोडून उठले असावे. नदी हा गाळ रोज थोडा थोडा आणते. डरवेंटवॉटर आणि बॅसनथ्वेट हे एके काळी एकच तलाव होते. मध्ये नद्यांनी गाळ टाकत टाकत सपाट कुरणे केली आणि एकाचे दोन झाले. जलाशय गाळाने भरतो म्हणून तुम्ही चिडायचात ना, येथे तेच काम हजारो वर्षे चालू आहे आणि त्याला सृष्टिसौंदर्य म्हणतात.

वाटांची शिस्त मला फार आवडली. शेतमालकाच्या शेतातून, गोठ्याच्या अंगावरून जाणारी वाटसुद्धा कायद्याने सर्वांना मोकळी असते; फाटक आपण उघडायचे आणि आपणच लावायचे, एवढीच अट. खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट, निळा असेल तर घोडवाट. सायकल घोडवाटेवर चालते, पायवाटेवर नाही, आणि घोडवाटेवरही चालणाऱ्याला व घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचे. १९६८ च्या कायद्यात हे लिहिले आहे, आणि लोक ते पाळतात याचेच मला अधिक नवल वाटले.

आता जे घडले ते आईला जरा सौम्य करून सांगा. बॉरोडेल दरीतून हॉनिस्टर खिंडीचा चढ काही ठिकाणी चार फुटांना एक फूट असा आहे. अर्ध्या चढावरच मी सायकलवरून उतरले आणि ढकलत निघाले, त्यात काही कमीपणा वाटला नाही, कारण माझ्यापुढे दोन धडधाकट तरुणही ढकलतच होते. खरी फजिती पलीकडच्या उतारावर झाली. पाऊस सुरू झाला, ब्रेकचे रबर झिजलेले होते आणि भिजल्यावर ते चाकाला धरेनात. दोन्ही मुठी पूर्ण आवळूनही सायकल पुढेच जात होती आणि रस्त्याच्या मधोमध चार मेंढ्या निवांत बसलेल्या होत्या. ओरडून काही उपयोग झाला नाही. या मेंढ्या कोणासाठी उठत नाहीत. शेवटी एका पायाचा बूट रस्त्यावर घासत, सायकल कडेच्या गवतात घातली आणि आडवी झाले. गुडघा खरचटला, बुटाचा तळवा उलला, बाकी काही नाही. निघण्यापूर्वी ब्रेक तपासणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

त्या मेंढ्या हर्डविक जातीच्या. कोकरू जन्मते तेव्हा काळे असते आणि वयाबरोबर राखाडी होत जाते. डोंगरावर कुंपण नसते, तरी कळप आपली हद्द सोडत नाही. कोठवर चरायचे हे मेंढी कोकराला शिकवते आणि ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. मी गवतात बसून गुडघा पुसत होते तेव्हा त्यांतली एक येऊन माझी पिशवी हुंगून गेली. तिच्या पाठीवर मालकाच्या खुणेचा तांबडा पट्टा होता आणि लोकरीच्या टोकाटोकावर पावसाचे थेंब अडकलेले होते. बटरमियर तलावाच्या काठाने मग मी पायीच गेले. एके ठिकाणी कडा पाण्यापर्यंत उतरतो, तेथे वाटेसाठी खडकातून लहानसा बोगदा खोदला आहे. आत मिट्ट काळोख, पायाखाली पाणी आणि पलीकडच्या तोंडाशी पुन्हा तलावाचा उजेड. ब्रेकचे रबर बदलून मिळेपर्यंत मी एकही उतार सायकलवर बसून उतरले नाही.

थर्लमियरला पोहोचले ते चौथ्या दिवशी. बाबा, ही जागा तुम्ही पाहायला हवी होती. मूळचा तलाव लहान होता. लोकांचा मोठा विरोध असताना १८७९ साली कायदा झाला, धरण बांधून पाण्याची पातळी सुमारे १५ मीटर चढवली आणि १८९४ साली पाणी मँचेस्टरला पोहोचले. ओढ्याचा नैसर्गिक उतार उत्तरेकडे आहे आणि धरणही उत्तर टोकालाच आहे, पण शहर दक्षिणेला! म्हणून पाणी उलट्या दिशेने, डोंगराखालून बोगदा काढून नेले आहे. तेथून मँचेस्टरपर्यंत ९६ मैल, म्हणजे सुमारे १५४ किलोमीटर, एकही पंप नाही. पूर्व काठावर जेथे पाणी गाळून आत घेतात तेथे बुरुजासारखी लहानशी दगडी इमारत आहे. तिला कुलूप होते. मी दाराला कान लावून उभी राहिले, पण वाऱ्याशिवाय काही ऐकू आले नाही. पश्चिम काठाच्या रस्त्यावर वर्दळ जवळजवळ नाही आणि सायकलला तो फार सुखाचा आहे, मात्र झाडी इतकी दाट की तलाव तुकड्यातुकड्यांनीच दिसतो. सौंदर्यात मी थर्लमियरला डरवेंटवॉटरच्या बराच खाली ठेवीन. पाण्याच्या कडेने गेलेला उघड्या दगडांचा पट्टा धरण लपू देत नाही.

शेवटच्या दिवशी पेनरिथहून हॉझवॉटर. रस्ता तलावाच्या टोकाशी संपतो, पुढे फक्त पायवाटा. येथे मार्डेल नावाचे गाव होते. धरणाचे काम १९२९ साली सुरू झाले, १९३५ च्या ऑगस्टमध्ये चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली आणि नंतर घरे पाडून गाव पाण्याखाली गेले. चर्चच्या आवारातील ९७ जणांचे अवशेष आधी उकरून शॅप या गावी नेऊन पुन्हा पुरले. चर्चचे दगड धरणातून पाणी काढण्याच्या मनोऱ्याला वापरले. या वर्षी पाऊस कमी झाल्याने पातळी बरीच उतरली होती, आणि भेगाळलेल्या गाळातून गावच्या दगडी कुंपणांच्या रांगा वर आलेल्या दिसल्या. गारा-चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड रचलेला, तरी इतकी वर्षे पाण्याखाली राहूनही भिंत कोठे ढळलेली नव्हती. दोन भिंतींमधून एक गल्ली पाण्याकडे जात होती. मी तिच्यातून थोडी चालले, गाळात पाय रुतू लागला तेव्हा परत फिरले. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवाच्या देवळाचे शिखर दिसते, तेथे तुम्ही आम्हाला नेले होते आणि कितीतरी वेळ काहीच बोलला नव्हतात, ते मला तेव्हा आठवले.

परत आले त्या रात्री नळ सोडून पेलाभर पाणी भरले. थर्लमियरहून निघालेल्या पाण्याला येथे पोहोचायला एका दिवसाहून जरा अधिक वेळ लागतो, त्यामुळे ते मी काठावर उभी होते त्याच सुमाराचे असावे असा हिशेब केला. तुमच्याकडे मात्र याहून पक्का हिशेब मागायचा आहे. त्या जलवाहिनीला दर मैलाला साधारण २० इंच उतार आहे आणि वाटेत नद्यांच्या दऱ्या आडव्या येतात तेथे पाणी नळातून खाली उतरवून पलीकडे पुन्हा चढवले आहे. तुमच्या मुख्य कालव्याला उतार किती होता, आणि एवढ्या अंतरात गाळ बसू नये म्हणून काय करत असतील, हे सविस्तर लिहून कळवा. फोनवर नको, पत्रातच लिहा, आकृती काढून.

गुडघा बरा आहे. आईला नमस्कार.

तुमची धाकटी