जुनी फियाट, गंजलेला पत्रा

संपादक महोदय,

नौपाड्यातल्या आमच्या गॅरेजमध्ये वडिलांची १९७० सालची फियाट ११०० मी पुन्हा उभी करतो आहे. आराखडा इटलीचा, जन्म कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यातला. १०८९ सीसीचं इंजिन अवघड नाही. इंधन-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर काय, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट काय, पान्याचं आणि फट मोजणाऱ्या फीलर गेजचं ऐकतात. खरी लढाई पत्र्याशी आहे. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा भक्कम सांगाडा, नाही; सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे ठाण्याच्या पावसाने तळाचा पत्रा खाल्ला की प्रश्न रंगाचा राहत नाही, ताकदीचा होतो. अनेक जण वर पुट्टी थापून मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. पण सडका भाग कापून, हाताने ठोकून घडवलेला तुकडा जोडणारे डेंटर आता थकले आहेत.

२०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरील मोटारींना ‘व्हीए’ मालिकेची, म्हणजे व्हिंटेज गाड्यांसाठीची वेगळी, नोंदणी दिली, हे उत्तमच झालं. मात्र बॉडी शेलमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या मूळ सांगाड्यात, मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. गंजलेला तळ बदलणं हा फेरफार की दुरुस्ती? परिवहन विभागाने हे स्पष्ट करावं. आणि आयटीआयने या जुन्या कारागिरांना शिकवायला बोलवावं, तेही लवकर.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे