फॉर्म एसएफ-६१ आणि अमेरिकी सरकारी नोकराची निष्ठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील सरकारी नोकरांविषयीच्या बातम्यांत 'ट्रम्प यांचे अधिकारी', त्याआधी 'बायडेन यांचे अधिकारी' असे सरसकट छापले जाते. राष्ट्राध्यक्ष बदलला की वॉशिंग्टनमधला शिपायापासून सचिवापर्यंत सगळा कारभार बदलतो, असा समज त्यातून पसरतो. प्रत्यक्षात टपाल खाते आणि सैन्यदले सोडून केंद्र सरकारचे मुलकी कर्मचारी वीस लाखांहून अधिक आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने भरायच्या राजकीय जागा साधारण चार हजार, आणि त्यांतल्या बाराशे-तेराशे जागांना सिनेटची मंजुरी लागते. बाकी सारे, म्हणजे हवामान खात्यातला शास्त्रज्ञ, कत्तलखान्यातला मांस निरीक्षक, माजी सैनिकांच्या रुग्णालयातली परिचारिका, रुजू होण्याच्या दिवशी एका कागदावर सही करून नोकरीत शिरतात. तो कागद म्हणजे 'एसएफ-६१'. राष्ट्राध्यक्षांचे आदेश पुढे नेण्यास तुम्ही कसा हातभार लावाल, असा जो नवा प्रश्न नोकरभरतीच्या अर्जात २०२५ मध्ये आला, त्याचे गांभीर्य हा कागद वाचल्याशिवाय कळत नाही.

एका पानाचा हा फॉर्म. त्यात तीन भाग आहेत. पहिल्यात पदाची शपथ, दुसऱ्यात सरकारविरुद्ध संपात भाग घेणार नाही असे प्रतिज्ञापत्र, तिसऱ्यात ही नेमणूक मिळावी म्हणून मी किंवा माझ्या वतीने कुणीही कुणाला काही दिलेले नाही, देऊ केलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र. संपाचा भाग केवळ शोभेचा नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना ४८ तासांची मुदत दिली आणि कामावर न परतलेल्या अकरा हजारांवर नियंत्रकांना काढून टाकले.

तिसरा भाग मात्र त्याहून जुन्या दुखण्यातून आला आहे. एकोणिसाव्या शतकात निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी जागा आपल्या माणसांत वाटत असे. पोस्टमास्तर, जकात कारकून, गोदामपाल, सगळे पक्षाचे. ज्याला जागा मिळे त्याच्या पगारातून ठरावीक टक्के रक्कम पक्षनिधीत कापली जाई, आणि नाही म्हणणाऱ्याला घरी बसावे लागे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा चार्ल्स गिटो याच व्यवस्थेवर डोळा ठेवून होता. आपल्या प्रचारामुळे गारफील्ड निवडून आले, तेव्हा पॅरिसमधले वकिलातीचे पद आपले हक्काचे, असे त्याने मनाशी धरले होते. गारफील्ड सप्टेंबरमध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयातून, म्हणजे वशिल्याच्या थेट गाभ्यातून वर आले होते. त्यांनीच १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडल्टन कायद्यावर सही केली. स्पर्धा परीक्षेने भरती, पक्षनिधीसाठी सक्तीला बंदी आणि त्यावर देखरेखीला आयोग, ही त्याची मुख्य कलमे. सुरुवातीला जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या जागा त्याखाली आल्या, पुढे एकेक राष्ट्राध्यक्ष त्यात भर घालत गेला.

या कायद्याचा एक धागा हिंदुस्थानपर्यंत जातो. मसुदा लिहिणाऱ्या डॉर्मन ईटन यांना राष्ट्राध्यक्ष हेज यांनी ब्रिटनमधली भरतीपद्धत अभ्यासायला सांगितले होते. तिथल्या खात्यांत खुली स्पर्धा १८७० मध्ये आली, पण हिंदुस्थानातल्या मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये खुली परीक्षा १८५५ पासूनच होत होती. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे सांगायला हवे.

आता पहिला भाग, शपथेचा. तिचा आशय असा: मी अमेरिकेच्या संविधानाचे परकीय व देशांतर्गत अशा सर्व शत्रूंपासून रक्षण करीन, संविधानाशी एकनिष्ठ राहीन, हे बंधन मनात कोणताही आडपडदा न ठेवता स्वेच्छेने स्वीकारतो, आणि ज्या पदावर रुजू होत आहे त्याची कर्तव्ये नीट व निष्ठेने पार पाडीन. 'ईश्वर मला साहाय्य करो' हे शेवटचे शब्द, शपथेऐवजी प्रतिज्ञा घेणाऱ्याला फॉर्मवर खोडता येतात. 'देशांतर्गत शत्रू' हे शब्द यादवी युद्धाच्या काळात आले. त्याआधीची शपथ एका वाक्याची होती आणि तिच्याविषयीचा कायदा हा पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १ जून १७८९ रोजी सही केलेला पहिलाच कायदा. या सगळ्या बदलांत राष्ट्राध्यक्षाचे नाव किंवा पद मुलकी नोकराच्या शपथेत कधी आले नाही. साध्या सैनिकाच्या शपथेत राष्ट्राध्यक्षांचे आदेश पाळण्याचे वचन आहे. लष्करी अधिकाऱ्याच्या शपथेत तेही नाही.

मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकी कार्मिक कार्यालयाने, म्हणजे ओपीएमने, भरतीची नवी योजना जाहीर केली. पाचव्या आणि त्यावरच्या वेतनश्रेणींच्या अर्जात चार छोटे निबंध, प्रत्येकी २०० शब्दांपर्यंत. संविधानाशी आणि राष्ट्राच्या मूळ तत्त्वांशी असलेल्या बांधिलकीने तुम्हाला या पदाकडे कसे वळवले, हा पहिला प्रश्न. तो रास्तच आहे. कार्यक्षमतेचा दुसरा आणि कष्टाळूपणाचा चौथाही चालून जावा. तिसरा असा: या पदावर राष्ट्राध्यक्षांचे आदेश आणि धोरणे पुढे नेण्यास तुम्ही कसा हातभार लावाल? तुम्हाला महत्त्वाचे वाटणारे एक-दोन आदेश सांगा. ज्या अर्जात पहिला प्रश्न आहे त्याच अर्जात हा तिसरा बसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. उत्तर न दिल्याने अर्ज बाद होत नाही असा खुलासा ओपीएमने नंतर केला. पण चार रकाने समोर असताना एक कोरा सोडण्याची छाती किती उमेदवारांना होईल?

निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाचे कायदेशीर धोरण नोकराने राबवलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. शपथेतल्या 'कर्तव्ये निष्ठेने पार पाडीन' या शब्दांत ते आलेच. अडचण दाराशीच ही विचारणा होण्यात आहे. नोकरी तीस वर्षांची, त्यात चार-पाच राष्ट्राध्यक्ष येऊन जातात. आदेशांचे आयुष्य किती असते? 'शेड्यूल एफ' हा, धोरणाशी संबंधित पदांचे बडतर्फीविरुद्धचे संरक्षण काढणारा आदेश ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला आणि २० जानेवारी २०२५ रोजी थोड्या बदलांनी परत आला. अशा आदेशाविषयीची आवड पाहून परिचारिका निवडायची, तर शिरेत सुई नीट लावता येते की नाही याची पारख मागे पडते. शिवाय उत्तर वाचणाऱ्याकडे मोजमाप कोणते? १९७८ च्या कायद्याने निवडीचा निकष खुल्या स्पर्धेतली क्षमता, ज्ञान आणि कौशल्य एवढाच ठेवला आहे, आणि राजकीय संलग्नतेवरून भेदभावाला बंदी घातली आहे. माणसे सरकारी नोकरीकडे का वळतात याचा तिथल्या लोकप्रशासनाच्या अभ्यासकांनी कसून विचार केला आहे. धोरण घडवण्याची ओढ, लोकहिताची बांधिलकी, करुणा आणि स्वार्थत्याग अशी चार अंगे त्यांनी मांडली. नेत्यावरची भक्ती त्यांत नाही.

तिथे वाढलेल्या मराठी घरांतली मुले या नोकऱ्यांकडे वळू लागली तर मला आनंदच होईल, म्हणून थोडे कामाचे. बहुतेक जागांना नागरिकत्व लागते, ग्रीन कार्ड पुरत नाही. अर्ज यूएसएजॉब्स या संकेतस्थळावर. बायोडेटा आता दोन पानांच्या आत बसवावा लागतो. प्रत्येक नोकरीपुढे सुरुवातीचा व शेवटचा महिना-वर्ष आणि आठवड्याचे तास लिहा. तास न लिहिल्यामुळे अनुभव धरला जात नाही आणि चांगले उमेदवार पहिल्याच चाळणीत गळतात. जाहिरातीत बहुधा खालच्या श्रेणीइतका एक वर्षाचा विशेष अनुभव मागितलेला असतो. तो तुमच्याकडे आहे हे त्यांच्याच शब्दांत दिसले पाहिजे. पदवी भारतातली असेल तर तिचे मूल्यांकन करून घ्या. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. काही मूल्यांकन संस्था तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरत नाहीत.

सुरक्षेशी संबंधित पदांसाठी 'एसएफ-८६' हा लांबलचक फॉर्म येतो आणि त्यात परदेशातली स्थावर मालमत्ता विचारतात. गावाकडच्या सातबाऱ्यावर भावंडांबरोबर आपलेही नाव लागले आहे हे अनेकांच्या ध्यानातच नसते. आधी घरी विचारा, उतारा काढून बघा आणि नोंद करा. दोन एकर जिरायतीने सहसा काही अडत नाही, लपवल्याचा संशय आला तर अडते.

तिसऱ्या निबंधाला उत्तर द्यायचेच तर ते खात्याच्या मूळ कायद्याला धरून द्यावे. मांस निरीक्षकाच्या पदासाठी १९०६ चा मांस तपासणी कायदा आहे. त्या कामात आपण काय सुधारू शकतो हे लिहिले की प्रश्नही सुटतो आणि शपथेलाही बाध येत नाही.

रुजू झाल्यावर सरकारी नोकरांच्या राजकीय हालचालींवर मर्यादा घालणारा १९३९ चा हॅच कायदा लागू होतो. महाराष्ट्रात १९७९ च्या वर्तणूक नियमांमुळे सरकारी कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्यही होता येत नाही. तिथे सदस्य होता येते, देणगी देता येते, अंगणात उमेदवाराची पाटी लावता येते. पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवता येत नाही, कामाच्या वेळेत किंवा सरकारी इमारतीत प्रचार करता येत नाही, आणि कुणासाठीही राजकीय निधी मागता येत नाही, रात्री घरी बसूनसुद्धा नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या ओळखीच्या उमेदवाराची देणगीची लिंक पुढे पाठवणे हाही निधी मागण्याचाच प्रकार ठरतो. त्यासाठी नोकरी जाऊ शकते आणि पाच वर्षांपर्यंत पुन्हा केंद्र सरकारच्या नोकरीला बंदी येऊ शकते. एफबीआय, सीआयए यांसारख्या खात्यांतले नियम याहून कडक आहेत. शंका असल्यास ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल या स्वतंत्र कार्यालयाला ई-मेलने विचारता येते. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही.

आपला,
एक वाचक
रॉकव्हिल, मेरिलँड