कॉटनबाईंचा फोटो उलटा छापला आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यांवर आणि तिथल्या मातीतल्या गिटारवादनावर अख्खं पान आलं. मिरजेत बसून पस्तीस वर्षं हीच गाणी ऐकत आलेल्या माणसाला मराठी पेपरात एलिझाबेथ कॉटन या गिटारवाल्या बाईंचं नाव वाचायला मिळालं, याचा आनंद कसा सांगू! चहा गार झाला, पण पान हातातून सुटलं नाही. मात्र त्या पानावर बाईंचा जो फोटो आहे, तो उलटा छापला गेला आहे. म्हणजे डोकं खाली, पाय वर असा नव्हे. आरशात दिसतं तसं डाव्याचं उजवं झालं आहे.

कशावरून म्हणाल, तर गिटारवरच्या पट्टीवरून. नखांनी लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून गिटारच्या भोकाशेजारी एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. माणूस उजव्या हाताने वाजवत असेल, तर ही पट्टी भोकाच्या खाली, मांडीच्या बाजूला दिसते. तुमच्या फोटोत बाई उजव्या हाताने वाजवताना दिसतात आणि पट्टी मात्र भोकाच्या वर, हनुवटीच्या बाजूला आहे. भिंग घेऊन पाहिलं तर जाड तारा खाली आणि बारीक तारा वर. पान लावताना बाईंचं तोंड मजकुराकडे यावं म्हणून कुणीतरी फोटो फिरवला असावा. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण कॉटनबाईंच्या बाबतीत कुठला हात तारेवर आहे, यातच सगळं आलं.

बाई डावखुऱ्या. जन्म 1893 सालचा, नॉर्थ कॅरोलिनातल्या कारबरो गावचा. आधी थोरल्या भावाचा बँजो चोरून वाजवायच्या. मग लोकांच्या घरी धुणीभांडी करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरला स्वतःची गिटार घेतली. ती उजव्या हाताची. डाव्या हाताने वाजवणाऱ्यांनी तारा उलट्या क्रमाने चढवून घ्यायच्या असतात, हे त्या पोरीला सांगणार कोण? तिने गिटार तशीच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा गेल्या खाली आणि बारीक तारा आल्या वर. बाकी जग अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरतं आणि बोटांनी बारीक तारांवर चाल वाजवतं. बाईंचं बरोब्बर उलट, ठेका बोटांनी आणि चाल अंगठ्याने. त्यांच्या गिटारचा जो मऊ, घुमल्यासारखा आवाज आहे तो यातूनच आला. पुढे लोकांनी या वादनाला त्यांचंच नाव दिलं, 'कॉटन पिकिंग'. मी स्वतः एकदा गिटार उलटी धरून तसं वाजवायला बसलो होतो. तासभर खटपट केली, पण चार मात्रासुद्धा धड निघाल्या नाहीत.

आणि त्या वाजवायच्या काय? वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांनी केलेलं मालगाडीचं गाणं. घर रुळाजवळ, रात्री गाडीचा आवाज यायचा. त्या गाण्यात ही एवढीशी मुलगी म्हणते की मी मेले की मला अशा ठिकाणी पुरा, जिथून नऊ नंबरची गाडी जाताना ऐकू येईल. मी रेल्वेत सदतीस वर्षं काढली. 1979 ला गँगमन म्हणजे रूळ दुरुस्तीचा मजूर म्हणून लागलो, मग चावीवाला (रूळ धरून ठेवणाऱ्या खिळी, म्हणजे चाव्या, तपासणारा) झालो आणि 2016 ला मुकादम म्हणून रिटायर झालो. या एका ओळीला मी अजून सरावलेलो नाही.

मधल्या काळाबद्दल तुमच्या लेखात दोनच ओळी आहेत, म्हणून थोडं लिहितो. लग्न झालं, चर्चमधल्या लोकांनी असली गाणी सोड म्हणून सांगितलं आणि बाईंनी गिटार बाजूला ठेवली ती कित्येक वर्षं. पुढे वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात कामाला असताना त्यांना एक चुकलेली लहान मुलगी सापडली. त्यांनी तिला तिच्या आईकडे पोचवलं. ते घर निघालं सीगर कुटुंबाचं, लोकगीतं गोळा करणाऱ्यांचं! त्याच घरात बाई स्वयंपाकपाण्याला लागल्या आणि एक दिवस भिंतीवरची गिटार काढून वाजवायला बसल्या. घरच्या मुलाने, माइक सीगरने, त्यांचं वादन टेप केलं. 1958 ला पहिली लाँगप्ले रेकॉर्ड निघाली तेव्हा बाई साठीच्या पुढे होत्या. त्याआधीच ते मालगाडीचं गाणं इंग्लंडात दुसऱ्यांच्या नावावर गाजून गेलं होतं. त्यावर बाईंचं नाव लागलं ते मागाहून. ग्रॅमी मिळालं नव्वदीत. पट्टी वर असलेली ती गिटार बाईंनी शेवटपर्यंत तशीच धरली, आणि आपल्या पेपराने ती सुलटी करून टाकली. म्हणून जिवाला लागलं.

मला हा नाद लागला तो आमच्या मिरज जंक्शनवर. सतारमेकर गल्लीतून सतार, तंबोरे न्यायला परदेशी लोक येतात, हे इथं कुणाला नवीन नाही. 1990 च्या पावसाळ्यात असाच एक तरुण भलीमोठी लाकडी पेटी घेऊन फलाटावर बसला होता. गाडी अडीच तास लेट. मी ड्यूटी संपवून त्याच बाकावर टेकलो. मला मोडकं इंग्रजी, त्याला मोडकं हिंदी. त्याने वॉकमनचा एक कान मला दिला. थोडं ऐकून मी विचारलं, "दो आदमी बजाते हैं?" त्याने मान हलवली आणि एक बोट वर केलं. माझा विश्वास बसला नाही. एक गिटार खाली ठाय लयीत चालल्यासारखी आणि वर दुसरी कुणीतरी बोलत असल्यासारखी, आणि दोन्ही एकाच माणसाच्या एकाच उजव्या हातातून! गाडी आली तेव्हा त्याने ती कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. त्यावर पेनने लिहिलं होतं, मिसिसिपी जॉन हर्ट.

या हर्टसाहेबांना तुमच्या लेखात जागा मिळाली नाही. ॲव्हलॉन नावाच्या खेड्यातला हा शेतमजूर. 1928 साली ओके या रेकॉर्ड कंपनीने त्यांना आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला नेऊन गाणी रेकॉर्ड केली. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, मंदी आली आणि हर्ट परत शेतावर. त्यानंतर पस्तीस वर्षं कुणी विचारलं नाही. त्यांच्या एका गाण्यात ॲव्हलॉन माझं गाव असं होतं, तेवढ्या धाग्यावरून 1963 ला टॉम हॉस्किन्स नावाचा एक चाहता जुन्या नकाशात गाव शोधून थेट त्यांच्या दारात गेला. गोरा माणूस दारात बघून हर्टना वाटलं, पोलिसांचा माणूस आला. घरात स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांपुढे ते बसले आणि शेताच्या बांधावर बसल्यासारखं वाजवलं. पुढची तीनच वर्षं मिळाली, 1966 च्या नोव्हेंबरात ते गेले.

आता तुमच्या लेखाच्या मथळ्याकडे येतो. 'काळजातली रडगाणी' हा शब्द मला पटला नाही. हर्टनी तरुणपणी काही महिने रेल्वेच्या गँगवर काम केलं होतं आणि तिथल्या एका कामगाराकडून एक गाणं उचललं होतं, रुळाच्या मेखा ठोकणाऱ्याचं. आपण ज्याला डॉगस्पाइक म्हणतो ती मेख. जॉन हेन्री नावाचा हातोडेवाला मशिनशी शर्यत लावतो, जिंकतो आणि हातातल्या हातोड्यासकट मरतो, अशी तिकडची जुनी कथा आहे. हर्टच्या गाण्यातला गडी काय म्हणतो? याच हातोड्याने जॉन हेन्रीला मारलं, मला नाही मारणार. हा घे, साहेबाला नेऊन दे आणि सांग, मी गेलो. याला रडगाणं कसं म्हणायचं? नांद्रे ते भिलवडीच्या मध्ये मे महिन्यात डोक्यावर ऊन आणि खाली तापलेली खडी असताना हातोडा टाकून चालायला लागावं, असं आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटलेलं आहे. घरची आठवण येऊन पुन्हा उचलला ती गोष्ट वेगळी. मला या गाण्याचा अर्थ मुलाने मोबाइलवर वाचून दाखवला तो कॅसेट मिळाल्यावर वीसेक वर्षांनी. पण त्याच्या कितीतरी आधी ते गँगचं गाणं आहे, हे हाताला कळलं होतं.

गँगमध्ये रूळ सरकवताना आठ-दहा पहारी एकदम लागाव्या लागतात. एक जरी मागेपुढे झाली तरी रूळ हलत नाही आणि कमरेत भरते ती वेगळीच. म्हणून एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी 'हैश्या' म्हणत जोर लावायचा. हाक देणारा तिथल्या तिथं काहीही जुळवतो, कुणाच्या सासऱ्यावर, कुणाच्या नव्या सायकलवर, साहेबाच्या टोपीवरसुद्धा. हसत हसत रूळ जागेवर येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मजुरांच्या गँग अगदी असंच करायच्या. ब्लूजमध्ये गाणारा अर्धी ओळ गातो आणि उरलेल्या अर्ध्यात गिटार बोलते. एक ओळ दोनदा, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर, असा चार-चार मात्रांच्या बारा घरांचा हिशेब. मला त्यात हाक आणि हैश्याच ऐकू येतं. दुःख आहे, नाही कोण म्हणतो? पण त्यात चेष्टा आहे, प्रेम आहे, भूक आहे. हर्टचं एक गाणं तर कॉफीवर आहे.

रेल्वेचा आणि या गाण्यांचा संबंध तर फार जुना. डब्ल्यू. सी. हँडी हे बँडमास्तर 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रात्री लेट गाडीची वाट बघत पेंगत होते. शेजारी एक फाटक्या कपड्यातला माणूस येऊन बसला. बुटातून पायाची बोटं बाहेर आलेली. त्याने गिटारच्या तारांवर चाकू घासत एकच ओळ तीनदा गायली. त्या ओळीत होतं ते मूरहेड गावचं ठिकाण, जिथं दोन रेल्वेलाइनी एकमेकींना काटकोनात छेदतात. आपल्याकडे नागपूरला डायमंड क्रॉसिंग आहे, तसलं. हँडींनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. तारेवर चाकू घासून निघणारा तो आवाज आपल्याला परका नाही. सुनील गांगुलींच्या हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी ज्यांनी रेडिओवर ऐकली आहेत, त्यांनी त्या आवाजाचा मावसभाऊ ऐकलेला आहे.

लेखात रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजवाल्याने चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, ही गोष्ट रंगवून दिली आहे. पुरवणीला ती शोभते, पण तीच गोष्ट त्याच्या आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूजवाल्याबद्दल सांगितली जायची. रॉबर्ट हा आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे बसून शिकला. 1936 आणि 37 साली टेक्सासमध्ये त्याने 29 गाणी रेकॉर्ड केली, आणि सत्तावीसाव्या वर्षी गेला. त्याच्या बोटांनी केलेलं काम सैतानाच्या खात्यावर कशाला जमा करायचं?

मी स्वतः बावन्नाव्या वर्षी गिटार घेतली, कोलकात्याहून येते तसली साधी. घरातल्यांना वाटलं, रिटायरमेंटच्या आधीच डोकं फिरलं. हर्टसारखा अंगठा चालवायला मला तीन वर्षं लागली. जमला कसा ते सांगतो. चावीवाला रोज खांद्यावर हातोडा घेऊन आपल्या बीटमधले काही किलोमीटर स्लीपरवरून चालतो. पाय एका अंतराने पडत राहतात, त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, आणि लक्ष असतं ते हातोड्याच्या आवाजावर. घट्ट चावी टणकन बोलते, ढिली चावी ठप्प करते. एके दिवशी अंगठ्याला मी पाय समजलो आणि बोटांना हातोडा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा अंगठा आपोआप चालायला लागला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

2011 ला मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल पहिल्यांदा झाला. मुलाने तिकीट काढलं, मी पास काढून महालक्ष्मीने गेलो. तिथं वाजवायला आलेले ब्लूजचे नामांकित गिटारवादक बडी गाय तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. लुइझियानाच्या कापसाच्या शेतात वाढलेला हा माणूस गिटार वाजवताना लहान मुलासारखा हसत होता. तुमच्या लेखकाने ते हसू पाहिलं असतं, तर मथळा वेगळा दिला असता असं मला वाटतं.

लेखकाने मेहनत घेतली आहे आणि मराठीत या विषयावर एवढी जागा मिळणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणूनच एवढं लांबलचक लिहिलं. विनंती एकच. येत्या रविवारी बाईंचा फोटो पुन्हा, न फिरवता छापावा. जाहिरातींमुळे जागा नसेल तर एका कॉलमात छापा, चेहरा कापला गेला तरी चालेल. पण डाव्या हाताचा अंगठा बारीक तारेवर टेकलेला दिसेल, एवढा तरी मोठा असू द्या. मला तो कापून गिटारच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा आहे.

आपला नियमित वाचक,
निवृत्त मुकादम (रेल्वे), मिरज