चीक फ्रीझरला ठेवलाय

अरे सोन्या,

परवा फोनवर जरा जास्तच बोलले तुला. चिकन बिर्याणीचा फोटो स्टेटसला टाकलास, तोही चतुर्थीला, आणि माझ्याआधी आत्याने बघितला, मग माझं डोकंच फिरलं. पण फोन ठेवताना तू म्हणालास ना, 'आई, दिवसाला चार चहा पितेस, त्या म्हशीच्या टोणग्याचं काय होतं विचारलंयस कधी?' ते काही डोक्यातून जाईना. कारण मला माहितीये रे, विचारायची गरजच नाही.

आजोळी तीन म्हशी होत्या. म्हैस व्याली की पहिला प्रश्न, पारडी का टोणगा. पारडी असली तर तिच्यासाठी एक सड राखायचे. टोणग्याला मामा लावायचा फक्त पान्हा फुटेपर्यंत, तोंडाला फेस आला रे आला की मान धरून ओढायचा आणि बाजूला बांधायचा, ते बिचारं दाव्याला हिसके देत बसायचं आणि मी शेजारी चरवी धरून उभी. महिन्याभरात नुसती हाडं दिसायची, मग एक दिवस दावंच रिकामं. त्याच म्हशीचा खरवस मी मागून मागून खाल्लाय. आपल्याकडे 2015 पासून गायीबरोबर बैल कापायलाही बंदी आहे, पण म्हैस-टोणगा त्यात येत नाही, म्हणजे ज्या जाड सायीचं आपण कौतुक करतो तिचा हिशोब कुठे चुकता होतो ते उघडच आहे.

तेव्हा शाकाहारी म्हणून नाक वर करून बोलणं बंद केलंय मी. पण आईचं उणं सापडलं म्हणून तुझी बिर्याणी साजूक होत नाही हं. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची करतात, काहींना तर स्वतःचं वजन पायावर पेलत नाही. बाबा म्हणतात दूध बंद केलं तर शेतकऱ्याने खायचं काय, तेही खोटं नाही. सोयाच्या दुधाचा चहा करून बघितला, फाटला, बाबांनी न बोलता बेसिनमध्ये ओतला.

काल गोठ्यावाल्या काकांनी लिटरभर चीक दिला. सवयीने घेतला, पैसे देताना सहज विचारलं, पारडी ना? म्हणाले, नाही ताई, टोणगा. फ्रीझरला ठेवलाय. गूळ-वेलदोडे काढून ठेवलेत ओट्यावर, पण करवत नाही आणि टाकवतही नाही. शुक्रवारी डेक्कन क्वीनने येतोयस ना, मग बघू.

– आई