मॅडम, तुम्ही आईला विचारलंत

नमस्कार मॅडम,

परभणीहून छत्रपती संभाजीनगरला तुमच्याकडे पाचव्या महिन्यात आणलेल्या पेशंटची मी थोरली बहीण. लिहिल्याशिवाय चैन पडेना.

तिचे सांधे धरले होते, पायांवर सूज, लघवी कोऱ्या चहासारखी. आधीच्या दवाखान्यांत एकच उत्तर मिळायचं, ‘दिवस गेल्यावर होतंच हे.’ एकानं तर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा, १.१ बघून ‘नॉर्मल आहे, पाणी प्या’ म्हणत वाटेला लावलं. त्याच आकड्यावर तुम्ही बोट ठेवलंत. गरोदरपणी किडनी जास्त रक्त गाळते, म्हणून तो साधारण ०.८ च्या आत हवा, हे तुमच्याकडूनच कळलं. राग येतो मॅडम, अजूनही. एखाद्याला निदान जमलं नाही तर मी समजू शकते. पण नीट विचारायचंसुद्धा नाही?

तुम्ही फाईल बाजूला सारलीत आणि म्हणालात, ‘गोळ्यांची पिशवी आणलीय का?’ आईनं ती पदराआड धरली होती. मळकी पिशवी, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर कशी ठेवायची, म्हणून संकोचली होती. तुम्ही हात पुढं करून ती घेतलीत, टेबलावर ओतलीत, लोहाच्या, कॅल्शियमच्या पट्ट्या सारून थायरॉईडची उचललीत आणि आईलाच विचारलंत, ‘मावशी, ही कधीपासून चालू आहे?’ तोवर एकही डॉक्टर आईशी बोलला नव्हता. आणि तिला सगळं पाठ होतं! मूल हवं म्हणून दिवस जायच्या आधीच कार्बिमाझोल बदलून प्रोपिलथायोयुरॅसिल दिली होती, महिन्यासकट सांगितलं तिनं.

गोळी देणाऱ्याची चूक नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला व्यंगाचा धोका कमी राहावा म्हणून हीच देतात. पण क्वचित एखादीला ती बाधते, शरीर आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटतं आणि किडनी सुजते. हे ओळखायची एएनसीए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, गोळी बंद, स्टेरॉईड सुरू. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटली त्या दिवसांत. अडाणी बाईलाही काही माहीत असेल, असं धरून चालणाऱ्या तुम्हीच.

लेकरू छान आहे. बहिणीचं क्रिएटिनिन ०.७ वर आलंय, लघवीतून प्रोटीन अजून थोडं जातं, तपासणीला येतोच आहोत. आईनं तुमच्यासाठी घरची ज्वारी निवडून ठेवलीय. नाही म्हणू नका.

तुमची,
पेशंटची ताई